गाडी ठरवू नका

ब्रेमेन, 4 डिसेंबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

आई, आधी तुझं. मी वाळलेली नाही. इथे चार वाजून गेले की अंधार पडतो, त्यात स्वयंपाकघरातला दिवा पांढरा, म्हणून चेहरा तसा दिसतो. घर उबदार आहे, रोज पोळी-भाजी होते, तुमच्या नातीचा, इराचा खोकला कधीच गेला.

बाबा, या महिन्यात आम्ही तिघं पुण्याला येऊ त्या सहा दिवसांसाठी गाडी ठरवू नका आणि लोणावळ्याचं रिसॉर्टही नको. "पैशांची ओढाताण आहे का?" असं तुम्ही विचारलंत. तसं काही नाही. तुम्ही आम्हाला दाखवलंत ते पुणे मला इराला दाखवायचंय. तुमच्या एकट्याच्या पगारात दर रविवारी आपण कुठेतरी जायचोच, आणि परत येताना भेळही व्हायची. आपल्याकडे काही कमी आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

पहिल्या सकाळी पर्वती. पायऱ्या 103. तुम्ही मला आणि ओंकारला मोजायला लावायचात आणि आमचे आकडे कधी जुळायचे नाहीत. इरा मराठीत शंभरापर्यंत मोजते, वरचे तीन तुम्ही शिकवा. आईनं गुडघ्यांचं ऐकावं आणि खाली सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी बसावं. थंडीत गणपतीला स्वेटर घालतात हे कळल्यापासून इरा रोज विचारते, यंदा कुठल्या रंगाचा?

एक दिवस स्वारगेटहून मेट्रोनं मंडईला जाऊ. तिथून चालत तांबट आळी, ठोक्यांचा आवाज तिला ऐकवायचाय. मग शनिवारवाडा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आतला वाडा 1828 च्या आगीत गेला, पण दिल्ली दरवाजाचे ते अणकुचीदार खिळे आहेतच. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ते बसवलेत, हे तुम्ही सांगितलं होतंत तेव्हा मी दोन रात्री हत्तींची स्वप्नं पाहिली होती.

पाताळेश्वरला दुपारी जाऊ. जंगली महाराज रस्त्यावरच्या गोंगाटातून चार पावलं आत गेलं की आठव्या शतकातलं, कातळात कोरलेलं देऊळ आणि तो गोल नंदीमंडप. तिथल्या गारव्यात तुम्ही नि मी नुसते बसून राहायचो. मला तेवढं पुन्हा हवंय. गंज पेठेतला फुले वाडाही राहिला नाही पाहिजे. जोतिबांनी 1868 मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद इराला दाखवायचाय. केळकर संग्रहालयाला तिकीट आहे, ते मी काढीन. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं एका बापानं केवढे दिवे आणि अडकित्ते जमवले, ते तिनं पाहायलाच हवं.

खर्चाची काळजी खरंच करू नका, इराकडे स्वतःचे पैसे आहेत. कसे, ते सांगते. इथे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की किमतीवर आणखी 25 सेंट घेतात. बाटली रिकामी झाली की दुकानातल्या एका यंत्राच्या गोल तोंडात घालायची. यंत्र ती फिरवून पट्ट्या वाचतं, आत ओढतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. चिठ्ठी गल्ल्यावर दाखवली की पैसे परत. बाटली चेपली तर यंत्र घेत नाही, त्यामुळे कुणी चुरगाळत नाही. बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंटच मिळतात. शनिवारी कोट घातलेली मोठी माणसं पोतंभर बाटल्या घेऊन रांगेत असतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. बागेत लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता बाहेर ठेवतात, गरजूला हात घालावा लागू नये म्हणून. पहिल्या वर्षी मला हे काही केल्या कळेना. आमच्या घरच्या बाटल्यांचं काम इराचं. आतापर्यंत 58 झाल्या, म्हणजे साडेचौदा युरो. सारसबागेजवळची पहिली भेळ आजी-आजोबांना तिच्याकडून.

आता ओंकारच्या लग्नाचं. कार्यालयाचे दोन लाख मी याच महिन्यात पाठवते, ते घ्या आणि मुदत ठेव मोडू नका. पण मे महिन्यात आम्हाला तिघांना येणं जमणार नाही. डिसेंबरची तिकिटं फार महाग पडली, आणि इथे शाळा चालू असताना रजा देत नाहीत. मी एकटी येईन, चार दिवस, हळदीच्या आदल्या दिवशी. करवली म्हणून उभी राहायला मी असेन. हे फोनवर सांगायला धीर झाला नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळीही मी नव्हते, ते मी विसरलेले नाही.

गाडीची आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत मागा.

तुमची,
मनू

ता. क. विमान पहाटे उतरतं. थंडीत विमानतळावर येऊ नका, आम्ही टॅक्सीनं येऊ. पण आलात तर इराला फार आवडेल.