फवारणी केली होती का, हेही विचारा

महोदय,

माझ्या चुलतभावाला तीव्र नैराश्यासाठी 'शॉक' द्यायचं ठरलं. (या शब्दानेच घरातली म्हातारी माणसं हादरतात. प्रत्यक्षात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देताच येत नाही.) भुलेआधी विचारलं काय, तर शुगर, बीपी, दमा. खांद्यावर फवारणी पंपाच्या पट्ट्याचे वळ दिसत होते. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

स्नायू सैल करायला त्याला सक्सिनिलकोलिन दिलं; त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. हे औषध एरवी पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. आपण कपाशीवर मारतो त्यातली ऑरगॅनोफॉस्फरस गटाची औषधं नेमकं हेच विकर निकामी करतात, आणि ते भरून यायला काही आठवडे जातात. भावाचा श्वास परत यायला दीड तास लागला. तोवर भूलतज्ज्ञ हाताने फुगा दाबत उभे होते, त्यांचे उपकारच. नंतर तपासलं तर विकर फारच कमी. जन्मजात दोष किंवा यकृताचा आजार असला तरी ते कमी असतं म्हणे.

मराठवाड्यात मानसोपचाराला येणाऱ्यांत फवारणी करणारे, क्वचित तेच औषध प्यायलेलेही असतात. भुलेच्या फॉर्मवर एवढा एक प्रश्न छापायला काय हरकत आहे? शंका आली तर रक्त तपासावं.

भावाचे पुढचे शॉक दुसऱ्या औषधावर सुखरूप झाले. परवा तो वेचणीला रानात गेला होता.

- एक वाचक, जि. परभणी