डिंक नको, चिकटपट्टी घे

प्रिय सुहास,

फिल्मच्या पट्टीवर पानं-पाकळ्या चिकटवायला कुठला डिंक घेऊ, असं विचारलंस. माझं ऐकशील तर शक्यतो कुठलाच नको, स्प्लायसिंगची, म्हणजे फिल्मचे तुकडे जोडायची पारदर्शक चिकटपट्टी घे. बराच माल वाया घालवून मी इथवर आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मी पांढरा गोंद लावला. कागदावर तो छान बसतो, पण फिल्मच्या गुळगुळीत बाजूला धरत नाही. पट्टी गुंडाळायला घेतली की पापुद्रे सुटतात. इमल्शनच्या, म्हणजे जिलेटिनचा थर असलेल्या बाजूला लावावा, तर त्यातल्या पाण्याने जिलेटिन फुगतं. मग सुपरग्लू आणला. कांद्याच्या सालीचा एक तुकडा होता, त्यातल्या जांभळ्या रेषा मला फार आवडल्या होत्या. सकाळी बघतो तर सालीभोवती पांढुरकं धुकं! त्या गोंदाची वाफ आजूबाजूला बसते. १६ एमएम फिल्मची चौकट जेमतेम १० मिलिमीटर रुंद, त्यामुळे पडद्यावर सालीपेक्षा ते धुकंच आधी दिसलं. फार वाईट वाटलं.

फिल्म सिमेंट, म्हणजे फिल्म जोडायचा द्रव, यासाठी नाही. ते अ‍ॅसिटेटची फिल्म विरघळवून दोन पट्ट्या एकजीव करतं. पॉलिएस्टरच्या फिल्मवर तर तेही जमत नाही.

अमेरिकन प्रयोगशील चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३ साली ‘मॉथलाइट’ ही फिल्म कॅमेऱ्याशिवाय केली. पतंगांचे पंख, पाकळ्या, गवत असं सगळं पारदर्शक मायलर चिकटपट्ट्यांमध्ये दाबलं आणि त्याची प्रिंट काढली. मी आता तसंच करतो. पान-पाकळी आधी जाड पुस्तकात पूर्ण वाळव, ओल राहिली तर आत बुरशी धरते. वरची पट्टी एका टोकाकडून हळूहळू बसवत जा आणि चमच्याच्या पाठीने घास. बुडबुडा राहिलाच तर टाचणीने टोच. फिल्मच्या कडेची छिद्रं मात्र मोकळी राहू देत. जाड देठ काढून टाक, तो गेटमध्ये, म्हणजे फिल्म उजेडासमोरून सरकते त्या फटीत, अडकतो.

कागदाची कात्रणं लावायचीच असतील तर अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिक रंगांत मिसळायचं, चमक नसलेलं माध्यम) लाव, अगदी पातळ हाताने. वाळल्यावर ते लवचिक राहतं. जाड कागदातून उजेड जात नाही, त्याची नुसती काळी आकृती उरते. म्हणून ट्रेसिंग पेपरच बरा.

आणि मूळ पट्टी प्रोजेक्टरवर चढवू नकोस, कृपा कर. दिव्याच्या उष्णतेने चिकटपट्टीचा डिंक मऊ होऊन कडेने बाहेर येतो. स्कॅन करून घे.

तुझ्याकडची ती पानाची जाळी अजून शाबूत आहे ना? आधी तिचीच एक फूट पट्टी कर. ४० चौकटी होतील, म्हणजे दीड सेकंदाहून थोडं जास्त. झाली की मला दाखव.

तुझा,
अनंत