वर कुठली बाजू?

बाय,

नाव घालू नका म्हणालीस, म्हणून नुसतं बाय. पण आभार मात्र चार लोकांसमोरच मानणार.

तू फोटो काढायला यायच्या आधीचं तुला अर्धंच सांगितलं होतं. एक गृहस्थ आमच्या गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांचे, फोटो ऑनलाइन टाकून देतो म्हणाले. आले, पत्ते जमिनीवर पसरले, फटाफट फ्लॅश मारले नि अर्ध्या तासात गेले. पत्त्यावरच्या लाखेवर फ्लॅश पडला की काय होतं? पत्त्याच्या मधोमध पांढरा डाग, देव त्याच्यामागे गडप. ते एक वेळ सोड. मत्स्य अवताराच्या राजाचा पत्ता त्यांनी उलटा टाकला! माशाच्या तोंडातून वर येणारा देव चार महिने खाली डोकं करून लोंबकळत होता. फोन केला तर म्हणे, "गोलच तर आहे, काय फरक पडतो?" आणि माझी ओळख काय, तर 'फावल्या वेळात कला जपणारी गृहिणी'. दहा अवतार, प्रत्येकाचे १२ पत्ते, म्हणजे संच १२० चा. फावल्या वेळात!

तू आलीस ती आधी हात धुवायला मोरीत गेलीस. मग बोटातली अंगठी काढून पर्समध्ये टाकलीस, पत्ता कडेने उचललास नि विचारलंस, "काकी, वर कुठली बाजू?"

एवढंच. पण मला पटकन उत्तर सुचेना. सावंतवाडीत इतकी वर्षं रंगवतेय, पत्ते बघायला येतात ते किंमत विचारतात, किती दिवस लागतात विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. "हिका इचारूक तरी सुचला," म्हणाल्या. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी क्षणभर थांबणारी माणसं असतात गं अजून, मीच विसरले होते.

मग खिडकीला आमचाच पांढरा पंचा बांधलास, स्टुलावर चढलीस, ते सगळं तुझं तू जाणे. लाल रंग फोटोतही माझ्या वाटीतल्यासारखाच दिसला, एवढं मला कळलं.

आणि ती ओळख! मी बोलता बोलता म्हटलं होतं, डोळा मी सगळ्यात शेवटी काढते, आधी काढला तर देव माझ्याकडे बघत बसतो, हात हलत नाही. तेच वाक्य तू जसंच्या तसं पहिलं घातलंस. मी म्हटलं, अगं, आधी राजवाडा लिही, इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे नि सत्वशीलादेवींनी १९७० च्या दशकात ही कला परत उभी केली, ते लिही. तर म्हणालीस, "ते दुसऱ्या परिच्छेदात. आधी तुम्ही." चिंचोक्याची खळ शिजवतात म्हणून सासूबाईंचं नावही घातलंस. त्यांनी ते नातवाकडून तीनदा वाचून घेतलं.

वराहाचे पत्ते आता लाखेला आलेत. पंचा खिडकीवरून अजून सोडलेला नाही. फणस पिकायच्या आत ये.

तुझी,
काकी