तुम्ही त्यांचे कोण?

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि राज्य सरकारनं तिचा गौरव केला. मनापासून आनंद झाला. हे पत्र मात्र तिच्या कितीतरी पिढ्या आधी याच मुलखात पटावर बसलेल्या माणसांविषयी आहे, आणि त्यांची नावं ज्या कागदांत अडकून पडली आहेत त्या कागदांविषयी. ते कागद काही आपल्या खात्याच्या ताब्यात आहेत, काही आपल्या सहकारी मंत्र्यांच्या.

मी जुन्या बुद्धिबळपटूंची घराणी शोधतो. नावाजलेल्यांची नव्हे. स्पर्धेच्या जुन्या वृत्तान्तात ‘मिरजेचे अमुक’ एवढाच उल्लेख आलेले, पहिल्याच फेरीत हरलेले, संस्थानी दरबारात दोन डाव दाखवून घरी परतलेले. प्यादं एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची, त्या हिंदुस्थानी पद्धतीत तरबेज झालेली ही माणसं. ती कुठली, पोटापाण्यासाठी काय करायची, पट त्यांच्यापुढे पहिल्यांदा कुणी मांडला, हे मला हवं असतं.

याची गरज काय, असं कुणी विचारलं तर मी मीर सुलतान खानचं उदाहरण देतो. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकणारा पंजाबचा हा खेळाडू. तो निरक्षर नोकर होता, असं जगभर छापून येत राहिलं. त्याच्या नातीनं घरच्या माहितीच्या आधारे त्याला हरकत घेतली, तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. २०२४ साली ‘फिडे’नं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. बंगालचा महेशचंद्र बॅनर्जी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात ज्या तऱ्हेचे बचाव खेळत होता, त्यांना आज सारं जग ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतं. तो माहीत आहे तो मुख्यतः जॉन कॉक्रेन या त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं डाव टिपून ठेवले म्हणून. घरच्यांनी किंवा प्रतिस्पर्ध्यानं राखलं नाही, तर मागे उरतं ते सरकारी दफ्तर. महाराष्ट्रात ते दफ्तर भरपूर आहे. त्यातलं नाव सापडत नाही, हे दुखणं आहे.

आपल्याकडे या शोधाला एक मोठी सोय आहे. मराठी माणसाच्या नावातच त्याचा बाप असतो. सांगलीचे व्ही. के. खाडिलकर १९२४ च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळले. इंग्रजी तक्त्यातली ती दोन आद्याक्षरं म्हणजे विनायक काशीनाथ, आणि त्यातल्या दुसऱ्या अक्षरापाशी आधीची पिढी हाती लागते. पण याच सोयीत फसगतही आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच वाड्यात काशीनाथ विनायक आणि विनायक काशीनाथ आलटून पालटून येत राहतात, आणि साल नसेल तर कोणता विनायक पटावर बसला होता हे ठरत नाही. त्यात दत्तकविधान झालं असेल तर बापाचं नाव बदलतं, कधी आडनावही बदलतं. मग दत्तकपत्र शोधत दुय्यम निबंधकांच्या जुन्या पुस्तकांकडे जावं लागतं.

कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, गाव नमुना नंबर १४, आपण एकदा उघडून पाहावं अशी माझी विनंती आहे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच शब्द आणि पुढे बापाचं नाव, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं असे. म्हणजे विनायकाचा जन्म शोधायचा तर काशीनाथ शोधावा लागतो, आणि त्याच्या नावावरच्या प्रत्येक ‘मुलगा’ या शब्दापुढे थांबावं लागतं. नोंद मोडीत असेल तर अक्षर अक्षराला जोडलेलं, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारीख शके, फसली की सुहूर सनातली, हे आधी ओळखावं लागतं. हे सगळं जमतं. शिकता येतं, चिकाटीनं होतं.

जमत नाही ते खिडकीवर. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही त्यांचे कोण?’ मी त्यांचा कुणी नाही. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नोंद पाहायची आहे, असं सांगितलं की वारस दाखला मागतात. एका कार्यालयात माझा अर्ज यावरूनच परत आला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा तर वेगळं सांगतो. त्याच्या कलम १७ नुसार, नियमांच्या अधीन राहून आणि फी भरून, कोणतीही व्यक्ती नोंदीचा शोध मागू शकते. मृत्यूचं कारण तेवढं उघड करायचं नाही, एवढीच आडकाठी त्यात घातली आहे. नातं दाखवा असं त्यात म्हटलेलं नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला वरून कुणी लेखी काही कळवलेलं नसतं, मग तो जपून वागतो.

बायकांच्या बाबतीत तर वाट लवकरच खुंटते. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी आणि जयश्री, रोहिणी या त्यांच्या बहिणींनी ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्यांच्या आधीच्या पिढ्यांत माजघरात, दुपारच्या वेळी खेळणाऱ्या बायका होत्या, हे घराघरांतून ऐकायला मिळतं. त्या कागदावर शोधायच्या कशा? लग्नात आडनाव बदललं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, अनेक घरांत पाळण्यातलं नावही बदललं. कुलवृत्तांतांत लेकी बहुधा ‘अमक्याकडे दिली’ एवढ्यावर संपतात. मुलींच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं हा एक भक्कम दुवा आहे. तिथे माहेरचं पूर्ण नाव असतं, आधीची शाळा असते, शाळा सोडण्याचं कारण असतं. ही रजिस्टरं कपाटांवर, जिन्याखाली पडलेली मी पाहिली आहेत.

आणि कुलवृत्तांत तरी किती घराण्यांचे निघाले? ज्यांच्या घरी लिहिणारे होते, छापायला पैसा होता, त्यांचे. चावडीपुढच्या पारावर पट मांडणारा शिंपी, बाजारातला अत्तरवाला, संस्थानातला शागीर्द यांचा कुलवृत्तांत कुणी काढलेला नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही सगळे येत नाहीत. अशांसाठी सरकारी नोंदवही हाच एक पुरावा. ती बंद ठेवली की बुद्धिबळाचा इतिहास म्हणून जे लिहिलं जाईल त्यात मोजक्याच घरांची माणसं दिसतील, आणि तो इतिहास खोटा असेल.

हे होऊ शकतं, हे सरकारनंच दाखवून दिलं आहे. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा महसूल, शाळा, भूमिअभिलेख, दुय्यम निबंधक अशा कितीतरी कार्यालयांतली बासनं सुटली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणं गेलं, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. त्या कामाचं मला फार मोल वाटतं. शोध मात्र एका शब्दाचा होता. त्याच वह्यांतली बाकीची नावं कुठल्याही सूचीत आलेली नाहीत. कपाटं उघडली आहेत, माणसं तयार झाली आहेत. ती पांगण्याआधी याच वह्यांची नावानिशी सूची करायला घ्यावी. तीच सूची पुणे पुरालेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारातली संस्थानी कागदपत्रं यांनाही हवी. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला १९५१ मध्ये, पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९५५ ला एलुरूमध्ये. तिथे आपले रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. त्याआधीच्या खेळाडूंसाठी मध्यवर्ती असं कुठलंच दप्तर नाही. दरबाराच्या खर्चाच्या नोंदींत कुणाला बिदागी दिली, कुणाला प्रवासखर्च मंजूर झाला, हे असू शकतं. पण सूचीशिवाय तिथवर पोचायचं कसं?

खिडकीचा प्रश्न एका परिपत्रकानं सुटेल. शंभर वर्षांपूर्वीचा जन्म आणि पन्नास वर्षांपूर्वीचा मृत्यू यांची नोंद पाहायला नातं विचारू नये, ओळखपत्र आणि फी घेऊन तारीख द्यावी, एवढं त्यात हवं. नोंदी आरोग्य, महसूल आणि ग्रामविकास अशा खात्यांत विखुरलेल्या आहेत, म्हणून हा विषय आपणच मंत्रिमंडळापुढे न्यावा. जिवंत माणसांची माहिती झाकलेली राहिलीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही.

घाई करावी असं एक काम मात्र आहे. सांगली-मिरजेच्या बाजूला घरांतले कागद आधीच फार गेले. काही गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत, काही २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत. उरल्या आहेत त्या बहुतांशी सरकारी वह्या, आणि त्यांतल्या काही अजून तळमजल्यावर, जमिनीला टेकून आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ पासून आहे आणि अभिलेख सांभाळण्याची जबाबदारी त्यानं कार्यालयांवर टाकली आहे. कृष्णाकाठच्या तालुक्यांतल्या रेकॉर्ड रूमची पाहणी येत्या पावसाळ्याआधी लावावी आणि खालच्या फळीवरची बासनं वरच्या मजल्यावर हलवण्याचा आदेश काढावा, ही विनंती. उचलायला माणसं कमी पडली तर आम्ही काही जण यायला तयार आहोत.

आपला,
जुन्या बुद्धिबळपटूंच्या घराण्यांचा एक अभ्यासक
सांगली जिल्हा