तापमानाशेजारी उन्हाचा आकडा पण छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मार्च लागला की तुमच्या पेपरात रोज सोलापूरचं तापमान येतं, बेचाळीस झालं, त्रेचाळीस झालं, आणि उष्माघाताच्या बातम्या सुरू होतात. त्या हव्यातच. पण ऊन चामडीला काय करतं यावर कुणीच बोलत नाही म्हणून हे लिहितोय.

आमच्या अण्णांनी तीस वर्षं सात रस्त्यावर रिक्षा चालवली. डोक्यावर गांधी टोपी, पण टोपीने कान कुठे झाकतात? कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरायची, निघायची, रक्त यायचं, परत धरायची. आम्ही हळद लावली, मेडिकलमधून मलम आणलं, असे आठ महिने घालवले. शेवटी तुकडा काढून तपासला तर चामडीचा कॅन्सर निघाला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा. वेळेत होतं म्हणून कानाचा तेवढा भाग काढून भागलं, आज अण्णा ठणठणीत आहेत. पण ते आठ महिने आठवले की अजून अंगावर काटा येतो.

आपली कातडी सावळी, तिच्यात मेलॅनिन म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य जास्त, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला हा कॅन्सर कमी होतो हे खरंय. कमी होतो, होतच नाही असं नाही. आणि आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा चामडीचा दुसरा कॅन्सर, बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा संबंधच नसतो आणि कुणी बघतही नाही. म्हणून महिन्यातून एकदा अंघोळीनंतर सगळं अंग बघा, पाठ आणि कानामागचं घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. तीळ वाढतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतायत, आकार 6 मिलिमीटरच्या वर गेलाय, नखात नवीन काळी रेघ आलीय किंवा जखम महिनाभर भरत नाही, भाजल्याच्या जुन्या व्रणावर परत फोड आलाय, यातलं काही दिसलं तर मलम बास करा आणि स्किनच्या डॉक्टरला दाखवा. आपल्या सिव्हिलला पण स्किनची ओपीडी आहे.

दुसरी गोष्ट, गरमी वेगळी आणि अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही), म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण, वेगळे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला हवा गार असते पण दुपारचं ऊन चामडीला लागतंच, ढग असले तरी बरंच खाली येतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की ऊन कडक समजायचं. सनस्क्रीन लावायचं तर एसपीएफ 30 चं, दर दोन तासाला, कान आणि मान न विसरता. पण बांधकामावरच्या मजुराला नाहीतर ऊसतोड्याला ते कुठून परवडणार? त्याला रुंद काठाची टोपी, फुल बाह्या आणि आपला सोलापुरी टॉवेल कान-मानेवरून, जाड विणीचा असतो तो, पातळ ओढणीतून ऊन आरपार जातं (उजेडाकडे धरून बघा). कंत्राटदारांनी 11 ते 4 उघड्यावरचं काम थांबवलं तर सगळ्यात बरं.

तुम्हाला एकच विनंती. तापमानाच्या चौकटीत रोज यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांचा जोर सांगणारा आकडा, पण छापा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तो 3 झाला की अंग झाकायला लागा, 8 पासून फार जास्त, 11 पासून अति. एका ओळीची जागा लागेल, आणि सात रस्त्यावरचा रिक्षावाला सकाळच्या चहाबरोबर तेवढी ओळ नक्की वाचेल.

आपला,
एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर