‘नेट गेलं’ म्हणण्याआधी पत्ता पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी शाळेत संगणक शिकवते. प्रयोगशाळेतल्या तीस संगणकांचं जाळंही मीच सांभाळते. काहीही अडलं की तक्रार ठरलेली असते, ‘मॅडम, नेट गेलं.’ प्रत्यक्षात कधी तार सुटलेली असते, कधी संगणकाचा पत्ता, म्हणजे जाळ्यात त्याला ओळखणारा आकडा, चुकलेला असतो. बाहेरचं इंटरनेट खरोखर बंद असणं त्या मानानं क्वचितच. हा फरक मुलांना कळावा, ही माझी तळमळ आहे.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्मे संगणक चालेनात. स्विचवरचे, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीवरचे, दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. दुरुस्तीला आलेल्या माणसानं स्विच बदलायला सांगितला. मी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन एकेका संगणकाचा पत्ता वहीत लिहीत गेले. चालणाऱ्यांचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होत होता, बंद पडलेल्यांचा १९२.१६८.० नं. कुणीतरी जुना वायफाय राउटर भिंतीतल्या सॉकेटला जोडून ठेवला होता आणि आमच्या राउटरबरोबर तोही पत्ते वाटत बसला होता. संगणक सुरू होताना ‘मला पत्ता कोण देतं?’ अशी हाक सगळ्या जाळ्यात घालतो आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. याला डीएचसीपी म्हणतात. जुन्या राउटरला बाहेरची जोडणीच नव्हती, त्यामुळे त्याच्याकडून पत्ता घेतलेल्यांची वाट तिथेच संपत होती. तो राउटर काढला, संगणक पुन्हा सुरू केले आणि परीक्षा वेळेवर झाली. स्विच आजही तोच आहे.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्या हाकेला कुणीच ओ दिली नाही आणि संगणकानं स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असं समजावं. मग आधी तार आणि राउटर तपासावा.

मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला) आणि आयपी पत्ता (जाळ्यानं दिलेला, मी वहीत लिहिला तो) यांतही मुलं गोंधळतात. मी सांगते, मॅक पत्ता ही जन्मखूण आणि आयपी पत्ता हा हजेरी क्रमांक. वर्ग बदलला की क्रमांक बदलतो, खूण तीच राहते. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो, त्याचा पहिला अर्धा भाग साधारणपणे उत्पादक कंपनीची ओळख सांगतो आणि स्विच त्याच पत्त्यावर माहिती पोहोचवतो. (हल्लीचे फोन मात्र खासगीपणासाठी वायफायवर बदलता मॅक पत्ता दाखवतात, तेव्हा ही उपमा जपूनच वापरावी लागते.)

पाठ्यपुस्तकात संगणक एकमेकांना जोडण्याच्या बस (एक सामायिक तार), रिंग, स्टार अशा आकृत्या असतात आणि मुलं त्या सुबक काढतात. १९७३ मध्ये मेटकाफ आणि बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट, म्हणजे तारेनं संगणक जोडण्याची पद्धत, घडवलं, तेव्हा सगळी यंत्रं खरोखरच एका सामायिक केबलवर होती. दोघं एकदम बोलले की संदेशांची टक्कर व्हायची. आता प्रत्येक संगणकाची स्विचपर्यंत स्वतंत्र तार असते. ती तार कापून मी मुलांच्या हातात देते. आत आठ बारीक तारा, पीळ घातलेल्या चार जोड्या. पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा आणि बाहेरचा विद्युत गोंगाट कमी व्हावा म्हणून. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणून उरलेल्या दोहोंतली एखादी तार तुटली, तर जोडणी बहुधा चालू राहते पण वेग दहापट घसरतो. आमच्याकडे असा एक ‘हळू’ संगणक सातवीच्या मुलीनं शोधून काढला.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत या विषयावर छोटी मालिका द्यावी, ही विनंती. सुरुवात माझ्या वर्गातल्या पहिल्या तासासारखी करता येईल. आपल्या संगणकाचा पत्ता वहीत लिहायचा, मग राउटरचा. राउटरला ‘पिंग’ करायचं, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवायचा, उत्तर आलं की बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. उत्तर जिथे थांबेल, तिथे बोट ठेवायचं.

आपली,
एक संगणक शिक्षिका