शेवटचे शब्द

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "माझे शेवटचे शब्द काय असावेत गं?" आई मागून ओरडली, "भलतंसलतं बोलू नका!" आणि विषय तिथेच मिटला. माझ्या मनातून मात्र तो जात नाहीये. आई, रागावू नकोस, मला यावर बोलायचंय.

बाबांचा कल मला ठाऊक आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात जन्म गेलेल्या माणसाला दत्ताजी शिंदेच आठवणार. जानेवारी 1760, बुराडी घाट, जखमी दत्ताजींना शत्रू विचारतो, आणखी लढणार का? "बचेंगे तो और भी लढेंगे!" छत्री बाजारातून जाताना हे सांगायला लागलात की बाबा, तुमचा आवाज चढायचा. पण दत्ताजींनी ते वाक्य आधी घोकलं असेल का? आयुष्य घोड्यावर गेलं, तेच ओठांवर आलं. राजघाटावर 'हे राम' कोरलंय. त्या गांधीजींना लहानपणी भुतांची भीती वाटायची, म्हणून रंभा नावाच्या दाईने रामनाम घ्यायला शिकवलं होतं. किती जुनी सवय ती!

मला सगळ्यांत जवळचा वाटतो सॉक्रेटिस. इ.स.पू. 399. विष अंगात भिनत होतं, पाय गार पडले होते. त्याने तोंडावरचं पांघरूण सारलं आणि मित्राला म्हणाला, "क्रिटो, अस्क्लेपियसला एक कोंबडा देणं लागतो आपण. तेवढा दे, विसरू नकोस." क्रिटोने विचारलं, आणखी काही? उत्तर आलं नाही. अस्क्लेपियस हा ग्रीकांचा आरोग्यदेव; या कोंबड्याचा अर्थ लावत विद्वान अजून भांडतात. मला त्यात तुम्ही दिसता, बाबा. प्रवासाला निघताना रिक्षात बसल्यावरही "दूधवाल्याचे पैसे दिले का?" विचारणारे.

एक गोष्ट मात्र मला छळते. मावशीला शेवटी काहीतरी सांगायचं होतं. तोंडात नळी होती. ती नुसती आमच्याकडे बघत राहिली, आणि काय सांगायचं होतं ते आम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय मी इथे पुण्यात. त्या वेळी जवळ असेन की नाही, कोण जाणे. म्हणून जे असेल ते आत्ता बोला. रागही चालेल. कुणाचं देणं राहिलं असेल तर तेही सांगा, मी फेडेन.

माझं मीही आजच सांगते. बारावीनंतर मला इतक्या लांब पाठवताना तुम्ही दोघांनी एकदाही "थांब" म्हटलं नाहीत. स्टेशनवर आईने डबा हातात दिला आणि पाठ फिरवली. आई, तू रडत होतीस, मला दिसलं होतं. तुम्ही मला जाऊ दिलंत म्हणून मी उभी आहे.

दिवाळीला येतेय. तोवर वाट बघू नका, या रविवारी आधी आई बोलेल.

तुमची,
लेक